टोप्यांच्या कपाटासमोर जुने फौजी का हसतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालेले, त्यांना आणि त्यांच्या पलटणीतल्या तीन दोस्तांना तुम्ही एका लष्करी संग्रहालयात घेऊन गेलात. तोफा, बंदुका, पदकं सगळं त्यांनी दहा मिनिटांत उरकलं, आणि टोप्यांच्या कपाटासमोर मात्र अर्धा तास उभे राहून एकमेकांना कोपरानं ढोसत हसत होते, "ही काय भाकरी थापलीय का", "ह्याला पास आउट कुणी केला", असलं काहीबाही चाललेलं, आणि तुम्ही विचारलं तर "तुला नाही कळायचं" म्हणून विषय संपवला. तर त्यात हसण्यासारखं होतं काय, आणि वडिलांची स्वतःची बेरेट, म्हणजे फौजेतली मऊ गोल लोकरी टोपी, घरी ट्रंकेत पडलीय ती संग्रहालयाला द्यावी का.

दोन्हीचं उत्तर देतो, जरा लांबेल. मी मराठा पलटणीत बावीस वर्षं होतो, त्यातली शेवटची सहा क्वार्टर मास्टर स्टोअरला, म्हणजे कपडे आणि टोप्या इश्यू करणं, मोजणं, परत घेणं, बोर्ड (तपासणी समिती) बसला की कंडेम करणं, म्हणजे बाद ठरवणं, हेच काम, आणि पेन्शनीवर आल्यावर गेली अकरा वर्षं एका संग्रहालयात कापडी वस्तू सांभाळतो. तुम्ही बघितलेलं कपाट मी पाहिलेलं नाही, पण असं हसू मी शेकडो वेळा ऐकलंय. वरवर टिंगल वाटते, पण कान देऊन ऐकलंत तर त्यांच्या जवळपास प्रत्येक वाक्यात एकेक दुरुस्ती असते, आणि ती दुरुस्ती पुस्तकात फारशी सापडत नाही. मी अशी वाक्यं आता वहीत उतरवून ठेवतो, तारीख घालून, बोलणाऱ्याची पलटण आणि भरतीचं साल लिहून.

भाकरीचंच घ्या. नवी बेरेट स्टोअरमधून हातात पडते तेव्हा ती खरोखर भाकरीच असते, लोकरीच्या जाड कापडाची गोल चकती, कडेला चामड्याची पट्टी, पट्टीतून फिरणारी नाडी, डोक्यावर ठेवली की चहूबाजूंनी लोंबते. तिला डोक्याचा आकार द्यावा लागतो. रंगरूट असताना आम्हाला उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यांनी, शिकवलं ते असं, गरम पाण्यात बुडवायची, मग गार पाण्यात, हातानं दाबून पाणी काढायचं (पिळायची नाही, पिळली की कापड वेडंवाकडं ताणतं), आणि ओलीच डोक्यावर चढवायची. पट्टी कपाळावर आडवी सरळ, भुवयांच्या वर दोन बोटं, बॅज डाव्या डोळ्याच्या बरोबर वर आणि ताठ उभा, उरलेलं सगळं कापड उजवीकडं ओढून कानाच्या दिशेला खाली दाबायचं, आणि वाळेपर्यंत काढायची नाही. अख्खी बॅरेक ओल्या टोप्या घालून बूट पॉलिश करत बसलेली असायची. वाळली की परत तेच, तीनचार वेळा. वरची लव ब्लेडनं हलक्या हातानं तासायची, म्हणजे कापड गुळगुळीत दिसतं. नाडी मापाला ओढून गाठ मारायची आणि टोकं आत सारायची, बाहेर लोंबती दिसली की रगडा (शिक्षेची कवायत) ठरलेला.

हे सगळं झाल्यावर ती टोपी त्या एका डोक्याची होते, दुसऱ्याच्या डोक्यावर ती बसत नाही, पहाटे अंधारात फॉलइनच्या घाईत चुकून शेजाऱ्याची उचलली तर डोक्याला टेकताक्षणी कळतं. आता संग्रहालयात काय होतं, कपाटात एक जागा रिकामी असते, कुणीतरी नवीकोरी बेरेट आणतं, पाकिटातून काढून प्लॅस्टरच्या डोक्यावर ठेवतं आणि खाली पाटी लागते की अमुक युद्धातल्या सैनिकाची बेरेट. जुना फौजी बघतो आणि त्याला पहिल्या नजरेत दिसतं की ही टोपी कधीच कुणी घातलेली नाही. "ह्याला पास आउट कुणी केला" याचा अर्थ तेवढाच आणि तो शंभर टक्के बरोबर आहे, कारण असल्या टोपीवर कुठलाही उस्ताद पोराला परेड ग्राउंडवर पाय ठेवू देणार नाही.

दुसरी नेहमीची चूक बॅजची. सजवणाऱ्याला वाटतं बॅज म्हणजे मध्यभागी, कपाळावर, टिळ्यासारखा, आणि मग बेरेट दोन्ही बाजूंना सारखी पसरते. किंवा उलटं, बॅज उजव्या डोळ्यावर आणि कापड डावीकडं. ही उलटी पद्धत जगात आहे बरं का, फ्रेंच सैन्यात बहुतेक ठिकाणी बॅज उजवीकडं आणि कापड डावीकडंच असतं, पण आपल्याकडं इंग्रजांची रीत राहिली, बॅज डावीकडं. माझ्या अनुभवात ही चूक बहुतेक वेळा फोटोमुळं होते, जुना फोटो छापताना आरशासारखा उलटा छापला जातो आणि सजवणारा त्याबरहुकूम टोपी बसवतो. असा फोटो समोर आला तर शर्टाचं बटण कुठल्या बाजूला लागलंय आणि पदकं कुठल्या छातीवर आहेत ते बघायचं, लगेच कळतं. नायक हुद्द्यावरून रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्यानं आमच्या कपाटासमोर नुसतं "हा गडी आरशात उभाय" एवढं म्हटलं होतं. आम्ही फोटो तपासला, उलटाच निघाला.

रंगांबद्दल सगळ्यांनाच थोडंफार माहीत असतं, म्हणून फार लांबवत नाही. रणगाडेवाल्यांचा काळा, पॅराचा म्हणजे हवाई छत्रीवाल्यांचा मरून, पायदळाचा गडद हिरवा, तोफखाना इंजिनिअर सिग्नलवाल्यांचा गडद निळा, मिलिटरी पोलिसांचा लाल. काळा रंग ब्रिटिशांच्या रॉयल टँक कोअरला १९२४ मध्ये मंजूर झाला, रणगाड्याच्या आत तेलाचे डाग पडतात ते काळ्यावर दिसत नाहीत, आणि टोपीला पुढं छज्जा नसल्यामुळं डोळा थेट नेम धरायच्या साइटला लावता येतो. मरून ब्रिटिशांच्या हवाई सैनिकांनी १९४२ मध्ये घेतला, तिथून तो आपल्या पॅरावाल्यांकडं आला. आकाशी निळा संयुक्त राष्ट्रांचा, १९५६ ला सुएझच्या वेळी पहिली तुकडी घाईत उभी करायची होती, निळ्या बेरेट वेळेत मिळेनात, तेव्हा अमेरिकन हेल्मेटची आतली प्लॅस्टिकची टोपडी निळी रंगवून दिली होती. भारताची पलटणही त्या फौजेत गाझाला होती. तर रंग चुकीचा असेल तर तो साध्या माणसालाही दाखवता येतो, फौजी लोक हसतात ते रंग बरोबर आणि बॅज भलत्याचा असतो तेव्हा, कारण तसला माणूस सैन्यात अस्तित्वातच नव्हता.

आणि बॅजवर जरा थांबतो कारण माझ्या मते सगळ्या टोपीत सर्वात जास्त माहिती तिथं असते. २६ जानेवारी १९५० पर्यंत आपल्या पलटणींच्या बॅजवर राजमुकुट असायचा, प्रजासत्ताक झालो आणि मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह आले. म्हणजे ६५ च्या किंवा ७१ च्या लढाईतली टोपी म्हणून जे दाखवताय त्यावर मुकुट असेल तर ती पाटी खोटी. पण त्याहून बारीक गोष्ट आहे. मुकुटातही दोन प्रकार. १९०१ पासून १९५२ पर्यंत राजांच्या काळात जो चालायचा त्याच्या वरच्या कमानी गोल फुगीर असतात, आणि १९५३ पासून राणीच्या काळात जो आला त्याच्या कमानी मधोमध खाली दबलेल्या. आता हिशेब करा, राणीचा मुकुट येईपर्यंत आपल्याकडं सिंह येऊन तीन वर्षं झाली होती, म्हणजे खाली दबलेल्या कमानींचा हा बॅज १९०१ नंतरच्या भारतीय सैन्याच्या टोपीवर असूच शकत नाही.

आम्ही नेमका तसला बॅज दुसऱ्या महायुद्धातला म्हणून चार वर्षं मांडून ठेवलेला. एक सुभेदार मेजरसाहेब आले, काठी टेकत, काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाले, "ही राणी आमच्यात कधी आलीच नाही." बरोबरचे दोघं हसले आणि पुढं गेले. मी त्यांच्या मागं धावत गेलो, त्यांना खुर्ची दिली, समजावून घेतलं. बॅज कुणीतरी देणगीत दिलेला, नंतरच्या काळातला ब्रिटिश निघाला. आमच्या नोंदवहीत तीन शिकलेल्या माणसांच्या सह्या होत्या त्या वस्तूवर, आणि चूक सापडली ती एका विनोदात.

गोरखा हॅटचंही तसंच. जाड फेल्टची रुंद काठाची हॅट, ती सरळ घालायची नसते, उजव्या बाजूला कलती बसते, आणि तिचा पट्टा हनुवटीच्या खालून गळ्याला बांधायचा नसतो, तो खालच्या ओठाच्या बुडाशी, हनुवटीच्या वर जी खळी असते तिथं टेकतो. प्लॅस्टरच्या डोक्याला ओठच नीट नसतात बऱ्याचदा, मग पट्टा घसरतो आणि सजवणारा तो गळ्याखाली करकचून बांधतो. गोरखा पलटणीतले एक निवृत्त नायब सुभेदार आमच्याकडं आले होते, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "इसको हवा से डर लगता है क्या?" म्हणजे टोपी उडून जाईल म्हणून बांधून घेतलीय का. आम्ही दुसऱ्या दिवशी डोकं बदललं, नाकओठ असलेलं घेतलं, आणि पट्टा त्यांच्याकडूनच बसवून घेतला.

पगडी हा मात्र वेगळाच विषय आहे आणि इथं संग्रहालयं सगळ्यात जास्त चुकतात असं माझं मत आहे. टोपी एकदा तयार झाली की झाली, पगडी रोज सकाळी नव्यानं होते. ती काही मीटर कापडाची लांब पट्टी आहे, माणूस ती ताणून, घडी घालून, पदराचं टोक दातात धरून स्वतःच्या डोक्यावर बांधतो, आणि प्रत्येक पेच मागच्यापेक्षा जरासा वर सरकलेला असतो. संग्रहालयात ती प्लॅस्टरवर बांधतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे बांधून टाके घालून ठेवतात, ती सुटू नये म्हणून. शीख जवानाला ते लांबूनच कळतं, पेच एकसारखे आणि मेलेले दिसतात. शिवाय जुन्या काळच्या सैन्यात एकाच पलटणीत वेगवेगळ्या जातजमातींच्या कंपन्या असायच्या आणि प्रत्येकाची बांधायची तऱ्हा निराळी, पंजाबी मुसलमान मधे उंच टोकाची कुल्ला टोपी ठेवून भोवती कापड गुंडाळायचे, शिखांची बिनकुल्ल्याची, आपल्या मराठ्यांची आणखी तिसरीच. म्हणून "भारतीय सैनिकाची पगडी, १९१४" एवढीच पाटी लावली तर ती कुणाचीच होत नाही. कुणाची, कुठल्या कंपनीची, हे लिहिल्याशिवाय पगडी मांडू नये असं मी आमच्याकडं भांडून ठरवून घेतलंय.

डोक्यावरच्या कापडाचं एवढं काय घेऊन बसलात असं तरुण मंडळी विचारतात तेव्हा मी वेल्लोर सांगतो. १८०५ च्या नोव्हेंबरात मद्रासच्या फौजेत हुकूम निघाला की शिपायांनी नव्या धाटणीचं गोल पागोटं घालायचं, त्यावर चामड्याचा तुरा, वर गणवेशात असताना कपाळाला गंध नाही, दाढी नाही. हिंदू आणि मुसलमान दोघांनाही ते गोऱ्यांच्या हॅटसारखं दिसलं, चामड्याचा संशय वेगळाच, धर्म बाटवायला निघालेत असं वाटलं. तक्रार करणाऱ्यांना फटके मारले. १० जुलै १८०६ ला पहाटे वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले आणि शंभराहून जास्त गोरे अधिकारी सैनिक मारले गेले, सकाळी अर्काटहून घोडदळ आलं आणि त्यानं शेकड्यांनी शिपाई कापले. टिपूचे मुलगे त्याच किल्ल्यात नजरकैदेत होते, तीही बाजू त्यात होती, सगळं टोपीमुळं झालं असं मी म्हणत नाही. पण हुकूम मागं घ्यावा लागला, मद्रासचा गव्हर्नर बेंटिंक आणि सरसेनापती क्रॅडॉक दोघांनाही परत बोलावलं. १८५७ च्या एक्कावन्न वर्षं आधीची ही गोष्ट. टोप्यांच्या कपाटात वेल्लोरची पाटी मी अजून कुठं पाहिली नाही, ती असायलाच हवी.

सोला हॅटबद्दल एकच वाक्य, ती "सोलर" नव्हे. शोला नावाच्या पाणवनस्पतीच्या गाभ्याची असते म्हणून सोला, आपण त्याला भेंड म्हणतो, ज्याची बाशिंगं आणि फुलं करतात ते. सूर्याचा संबंध जोडून पाटी लिहिलेली मी दोन ठिकाणी पाहिली.

आता एक गोष्ट तुमच्या लक्षात आली होती का मला माहीत नाही. त्या कपाटात बुलेटप्रूफ पटका असेल तर त्याच्यासमोर तुमचे वडील हसले नसतील. आमच्याकडं तरी कुणी हसत नाही. पटका म्हणजे डोक्याभोवती बांधायचं पोलादी कवच, कपाळाला आणि मागं पोलाद, माथा उघडाच, वजन अडीच किलोच्या वर. काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सच्या आणि इतर पलटणींच्या जवानांनी तो वर्षानुवर्षं घातला, कारण जवळून आलेली एके-४७ ची गोळी अडवायची ताकद त्यात होती आणि आधीच्या फायबरच्या हेल्मेटमध्ये ती नव्हती. गस्तीवर बारा बारा तास डोक्यावर असला की मान अशी धरते की जेवताना ताटाकडं वाकता येत नाही. पुढं कानपूरच्या कंपनीकडून एक लाख अठ्ठावन्न हजारांवर नवी हेल्मेट घ्यायचं ठरलं आणि २०१७ नंतर ती येऊ लागली तेव्हा कुठं पटका हळूहळू उतरला. चाळिशीतले, पन्नाशीतले निवृत्त जवान त्या काचेसमोर येतात, नकळत मानेवर मागं हात जातो आणि पुढं सरकतात. त्या वस्तूखाली आमच्या पाटीवर फक्त नाव आणि धातू लिहिलेलं होतं. मी वजन घालायला लावलं, आणि शेजारी तेवढ्याच वजनाची एक पट्टी साखळीला बांधून ठेवली, ज्याला हवं त्यानं उचलून बघावी.

आणि हसण्याचं शेवटचं कारण, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते कपाटात काय चुकलंय यावर हसतात तसे काय नाहीच यावरही हसतात. "आपली कुठंय रे?" हे वाक्य मी सारखं ऐकतो. आपली म्हणजे कॅप कम्फर्टर, ती विणलेली लोकरीची नळी, गुंडाळली की टोपी, सोडली की मफलर. आपली म्हणजे कॅप बालाक्लावा, फक्त डोळे उघडे ठेवणारी, तोंडापाशी श्वासानं ओली होऊन गोठणारी. आपली म्हणजे जंगल हॅट, घामानं पांढरे पट्टे उठलेली, जिच्यात पाणी भरून तोंड धुतलं, जिच्यावर डोकं ठेवून झोपलो. परेडची पी-कॅप (पुढं छज्जा असलेली टोपी), तुरेवाली पगडी, हॅकल म्हणजे पिसांचा तुरा लावलेली बेरेट या गोष्टी माणूस वर्षात मोजके दिवस घालतो, बाकी वेळ त्या कागदात गुंडाळून ट्रंकेत, म्हणून त्या टिकतात आणि संग्रहालयात येतात. जी टोपी चोवीस तास डोक्यावर असते ती झिजते, फाटते, प्रत्येक वस्तूचं कागदावर एक ठरलेलं आयुष्य असतं, ते संपलं की स्टोअरला परत, बोर्ड बसतो, कंडेम होते, कापून टाकतात. मी स्वतः गठ्ठ्यांनी कापल्यात. तेव्हा एक बाजूला ठेवावी असं डोक्यातही आलं नाही. एप्रिल १९८४ पासून आपली पोरं सियाचिनवर बसलीत, त्यातल्या पहिल्या हिवाळ्यात डोक्याला काय होतं हे मला कपाटात दाखवायला मिळालं तर मी त्यासाठी दहा पी-कॅप काढून ठेवीन.

आता तुमच्या वडिलांच्या बेरेटचं. पहिली गोष्ट, धुऊ नका. आतल्या पट्टीवरचा घामाचा डाग, तेलाचा डाग, बॅजखाली कापड ज्या जागी दबलंय ती जागा, आत बॉलपेननं लिहिलेला आर्मी नंबर, हीच त्या टोपीची कागदपत्रं आहेत. फॅक्टरीचा शिक्का किंवा चिंधी असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, शाहजहांपूरची क्लोदिंग फॅक्टरी किंवा दुसरी कुठली, साल दिसत असेल तर फारच छान, त्यावरून टोपीचं वय कळतं (२०२१ च्या ऑक्टोबरात या कपड्याच्या फॅक्टऱ्या ट्रूप कम्फर्ट्स नावाच्या कंपनीत गेल्या, तेव्हा ते नाव असलेली चिंधी कारगिलच्या टोपीत असू शकत नाही, असलाही माल मी देणगीत येताना पाहिलाय). बॅज ब्रासोनं चमकवू नका, मला माहितीय हात शिवशिवतो, आयुष्यभर तेच केलंय त्यांनी, पण प्रत्येक घासणीला पितळ थोडं जातं आणि फटीत पांढरा थर साचतो, तो ओल धरतो आणि पितळ कळकतं. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढली की पुरे.

लोकरीला कसर लागते, तिची भीती खरी आहे. डांबराच्या गोळ्या थेट टोपीत टाकू नका. बेरेट जाड पॉलिथिनच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड चिकटपट्टीनं पक्कं बंद करा आणि घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, अंडी अळ्या सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर गार कापडावर दव धरतं. मग आत पांढऱ्या धुतलेल्या सुती कापडाचा गोळा भरा, डोक्याचा आकार राहील इतपत, आणि पुठ्ठ्याच्या डब्यात अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. चकचकीत पीव्हीसीच्या पाकिटात किंवा भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये उन्हात नको, हिरवा रंग उडतो आणि परत येत नाही, संग्रहालयात आम्ही कापडावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाही, म्हणजे खोली जवळजवळ अंधारीच वाटते. हॅकल असेल तर तो वेगळा गुंडाळा, पिसाला कसर आधी लागते. आमच्या मराठ्यांचा लाल-हिरवा हॅकल कितीतरी घरांत नुसता देठ उरलेला मी बघितलाय.

द्यावी का म्हणाल तर, वडील आहेत तोवर नाही. त्यांच्यानंतर किंवा त्यांच्या मनानं, तेव्हा द्या, पण नोंदवहीत क्रमांक पडतो का, देणगीचा कागद करून मिळतो का आणि वस्तूबरोबर तुमची माहिती जोडून ठेवतात का हे आधी विचारा. नुसता बॅज मागणारे बरेच भेटतील, बॅज वेगळा देऊ नका, टोपीपासून सुटला की तो बाजारातल्या हजार बॅजांसारखा एक होतो.

पण सध्या टोपीपेक्षा घाई दुसऱ्या गोष्टीची आहे. त्या चौघांना परत त्याच संग्रहालयात घेऊन जा, आठवड्यातला गर्दी नसलेला दिवस बघा, सकाळची वेळ, आधी तिथल्या माणसांना सांगून कपाटासमोर चार खुर्च्या मागून घ्या, कारण उभं राहून माणूस अर्धा तास बोलतो आणि बसून तीन तास. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून मांडीवर ठेवा. हसले तर हसू द्या, मधे थांबवून "म्हणजे काय" विचारू नका, तेवढ्यानं गप्प होतात, वाक्य तेवढं टिपून घ्या आणि शेवटी एकेक वाचून दाखवून विचारा. वडिलांची बेरेट बरोबर न्या. सुरुवात कशी करायची ते कळत नसेल तर ती त्यांच्या हातात द्या आणि बॅज कुठल्या डोळ्यावर यायचा एवढंच विचारा.